सगळे ठिपके दिसले, तरीही

पतसंस्थेत मार्च महिन्यात कुणी आजारी पडत नाही. तशी सोयच नसते. त्यामुळे ११ मार्च २०२५ ला, मंगळवारी, जेवणाच्या सुट्टीत मैत्रिणीने व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेली लिंक मी उघडली ती डबा संपेपर्यंतचा विरंगुळा म्हणून. ‘घरबसल्या काचबिंदूची मोफत चाचणी, फक्त पाच मिनिटं.’ जागतिक काचबिंदू सप्ताह (काचबिंदू म्हणजे डोळ्याची नस हळूहळू निकामी होण्याचा आजार, बहुतेकदा डोळ्यातला दाब वाढल्यामुळे) चालू होता. तो दरवर्षी मार्चमध्येच येतो, आणि त्या आठवड्यात अशा लिंका गावभर फिरतात.

चाचणीचे दोन भाग होते. पहिल्यात आठ-दहा प्रश्न: वय चाळीसच्या वर आहे का, मोठा मायनस नंबर आहे का, डोळ्याला कधी जोराचा मार लागलाय का, स्टेरॉइडचे थेंब किंवा गोळ्या बरेच दिवस घेतल्यात का, दिव्याभोवती रंगीत कडी दिसतात का, आणि आई-वडील किंवा सख्ख्या भावंडांपैकी कुणाला काचबिंदू आहे का. शेवटच्या प्रश्नाला मी ‘माहीत नाही’वर बोट टेकवलं. दुसऱ्या भागात एक डोळा तळहाताने झाकायचा, स्क्रीनच्या मधोमध असलेल्या फुलीकडे बघत राहायचं आणि आजूबाजूला ठिपका चमकला की टिचकी मारायची. उजवा झाला, डावा झाला. सगळे ठिपके दिसले. हिरव्या चौकटीत उत्तर आलं: ठळक दोष आढळला नाही. खाली बारीक अक्षरात, ही चाचणी डॉक्टरांच्या तपासणीला पर्याय नाही. मी स्क्रीनशॉट काढून मैत्रिणीला पाठवला, सोबत अंगठा.

पण ते ‘माहीत नाही’ खोटं होतं. निदान अर्धं तरी.

आमच्या आईचा डावा डोळा गेलेला आहे. आमच्यात सगळे म्हणतात, मोतीबिंदू पिकला आणि वेळेत काढला नाही म्हणून गेला. पण उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू २०१६ साली काढला तेव्हा त्या डॉक्टरांनी डाव्याला हातच लावला नव्हता. ‘त्याचं आता काही होणार नाही’ एवढंच म्हणाले होते. मोतीबिंदू कितीही पिकलेला असला तरी साधारणपणे काढता येतो, मग याचंच का होणार नाही, हा प्रश्न तेव्हा कुणी विचारला नाही. मीही नाही. त्या दिवशी दुपारी कर्जखात्यांची यादी जुळवताना तो एकदम आठवला आणि मग डोक्यातून जाईना.

रविवारी, १६ तारखेला, तासगावला गेले. दादा बेदाण्याच्या शेडवर होता. आईच्या लोखंडी कपाटात रेशनकार्डाच्या झेरॉक्स आणि विजेची जुनी बिलं भरलेली एक प्लास्टिकची पिशवी आहे, तिच्या तळाशी २००९ सालचा डोळ्यांचा केसपेपर सापडला. डॉक्टरी अक्षर, पण एक शब्द मराठीत, बहुतेक आईला समजावा म्हणून लिहिलेला: काचबिंदू. त्याखाली, ‘थेंब कायम’, आणि ‘कायम’खाली दोन रेघा.

आईला विचारलं तर म्हणाली, “ते थेंब व्हय? चार महिनं घातलं की. घालून काय ज्यादा दिसाय लागलं नाही. मग कशाला पैसं घालवायचं?”

तिचं म्हणणं मला तेव्हाही पटण्यासारखंच वाटलं. काचबिंदूच्या थेंबांनी दिसणं वाढत नाही. आहे ते टिकतं, आणि टिकलेलं काही डोळ्यांना कळत नाही.

रात्री हे घरी सांगत होते तेव्हा बारावीची परीक्षा संपवून मोकळा झालेला आमचा चिरंजीव माझा मोबाइल घेऊन बसला. त्याने मला आधी एक प्रयोग दाखवला, तो तुम्हीही करून बघा. कोऱ्या कागदावर डावीकडे फुली काढायची, तिच्या उजवीकडे आठ सेंटिमीटरवर शेंगदाण्याएवढा काळा ठिपका. डावा डोळा झाकायचा, उजव्याने फुलीकडे एकटक बघायचं आणि कागद हळूहळू जवळ आणायचा. साधारण तीस सेंटिमीटरवर ठिपका गायब होतो. तिथे भोक किंवा काळा डाग दिसत नाही, कोरा कागदच दिसतो. ही प्रत्येकाच्या डोळ्यातली आंधळी जागा. डोळ्याची नस जिथून बाहेर पडते तिथे प्रकाश टिपणाऱ्या पेशीच नसतात, आणि मेंदू ती जागा आजूबाजूच्या रंगाने सारवून टाकतो. सत्तेचाळीस वर्षं हे भोक घेऊन मी फिरतेय आणि मला पत्ता नाही.

मग त्याने हिशोब केला. ही जागा नजरेच्या मध्यापासून साधारण पंधरा अंशांवर असते. माझा मोबाइल उभा धरला की जेमतेम सात सेंटिमीटर रुंद. तीस सेंटिमीटरवरून पाहिलं तर मध्यापासून दोन्ही बाजूंना सहा-सात अंश. “आई, जे भोक प्रत्येकाला असतं तेसुद्धा या टेस्टमध्ये सापडू शकत नाही. स्क्रीनच तिथवर पोचत नाही.” आणि काचबिंदूचं नुकसान बहुतेकदा मध्यापासून बाजूला, विशेषतः नाकाकडच्या बाजूला सुरू होतं.

दुसऱ्या दिवशी त्याच्या लॅपटॉपवर, पट्टीने अंतर मोजून, पुन्हा दिली. यावेळी डाव्या डोळ्याचे चार-पाच ठिपके चुकले. पुन्हा दिली तर वेगळेच तीन चुकले. स्क्रीनवर ट्यूबलाइटची चकाकी, मान दुखतेय, तळहाताने दाबून धरल्यामुळे झाकलेला डोळा उघडल्यावर धूसर. (तळहाताने दाबू नका. जुन्या चष्म्याच्या एका काचेला कागद चिकटवा.) उत्तर पुन्हा हिरवंच आलं. एव्हाना त्या हिरव्या चौकटीवरचा माझा विश्वास उडाला होता, पण घरात कुणाला काचबिंदू आहे का, हा एक प्रश्न मनात पक्का बसला होता.

मार्च एंडमुळे अपॉइंटमेंट घेतली ती ५ एप्रिलची, शनिवारची. मिरजेतल्या एका डोळ्यांच्या दवाखान्यात, कारण तिथे काचबिंदूच्या वेगळ्या डॉक्टर बसतात. फोनवर ‘नंबर तपासायचाय’ असं न सांगता ‘आईला काचबिंदू आहे, माझी पूर्ण तपासणी करायची आहे’ असं सांगा. नंबरवाल्यांना पंधरा मिनिटांत घरी पाठवतात. आमच्या इथल्या एका चष्म्याच्या दुकानात मी गेली सहा वर्षं चाळिशीचा नंबर बदलून घेत होते. डोळ्याचं प्रेशर, म्हणजे आतला दाब, एकदाही कुणी मोजलं नाही. त्यांना दोष देऊन उपयोग नाही, मीही कधी विचारलं नव्हतं.

जाताना काय न्यावं: वापरात असलेले सगळे चष्मे, चालू गोळ्यांची पट्टी किंवा फोटो, घरातल्या रुग्णाचा जुना कागद असला तर तो, आणि सोबत एक माणूस. बाहुली मोठी करायचे थेंब घातले की चार-सहा तास जवळचं धूसर दिसतं आणि ऊन डोळ्यांत घुसतं. स्कूटी चालवता येत नाही. मला आमच्या बारावीकराने मागे बसवून आणलं. गॉगल न्यायला विसरले, तर येताना छत्री उघडून बसले होते, लोक बघत होते.

सकाळी सव्वानऊला पोचले, बाहेर पडले पावणेदोनला. काउंटरवर फॉर्म. ‘कुटुंबात डोळ्यांचे आजार’ असा रकाना होता. यावेळी नीट लिहिलं.

पहिल्या खोलीत एका मशीनने डोळ्यावर फुस्सकन हवा मारली, मी दर वेळी दचकले. आत डॉक्टरांनी पुन्हा वेगळ्या पद्धतीने प्रेशर घेतलं: बधिर करणारा थेंब, पिवळा रंग, आणि निळा दिवा जवळजवळ बुबुळाला टेकेपर्यंत जवळ. दुखत नाही. नंतर रुमाल मात्र हळदीसारखा पिवळा होतो. उजवं २४, डावं २६. साधारण १० ते २१ हे सर्वसामान्य मानतात, पण डॉक्टर म्हणाल्या की नुसत्या आकड्यावर जाऊ नका, एकवीसच्या आत प्रेशर असूनही काचबिंदू होतो. शिवाय बुबुळाची जाडी मोजली ती डाव्याची ५०५ मायक्रॉन निघाली. सरासरी ५४० च्या आसपास असते. बुबुळ पातळ असेल तर मशीन प्रेशर कमी दाखवतं, म्हणजे माझं खरं प्रेशर दिसतंय त्याहून जास्तच असणार.

मग आरशाचं एक भिंग चक्क डोळ्याला चिकटवून आत फिरवलं. डोळ्यातलं पाणी जिथून बाहेर जातं तो कोपरा उघडा आहे की बंद, ते यात दिसतं. कोपरा चिंचोळा असेल तर बाहुली मोठी करणारे थेंब घालून प्रेशर अचानक चढू शकतं, म्हणून आधी हे आणि मग ते थेंब. माझा उघडा होता.

थेंब चढल्यावर त्यांनी आत नस पाहिली आणि केसपेपरवर दोन गोल काढले. “हे ताट समजा आणि ही मधली वाटी. वाटी थोडी असतेच सगळ्यांना. नसेचे तंतू मेले की वाटी मोठी होत जाते आणि ताटाचा काठ बारीक होतो. ताटाच्या मानाने उजव्यात वाटी ०.६ आहे, डाव्यात ०.८.” दोन डोळ्यांत एवढा फरक असणंच संशयाचं. खालच्या बाजूचा काठ त्यांनी पेनाने बारीक करून दाखवला. मला आईचा २००९ चा कागद आठवला. त्यावरही असेच दोन गोल होते. मला ती डॉक्टरांची सही वाटली होती.

ओसीटी म्हणजे पडद्याचा स्कॅन, दोन मिनिटांचं काम. आणि शेवटी फील्ड टेस्ट, जिच्याबद्दल सविस्तर लिहिणार आहे, कारण तिथे मी नापास झाले.

अंधारी खोली. पांढऱ्या अर्ध्या घुमटासारखं मशीन, त्यात हनुवटी आणि कपाळ टेकवायचं. एक डोळा पट्टीने झाकतात, हातात घंटीसारखं बटण. मधल्या पिवळ्या दिव्याकडेच बघायचं आणि आजूबाजूला कुठेही पांढरा ठिपका लुकलुकला की बटण दाबायचं. एका डोळ्याला पाच-सहा मिनिटं. ऐकायला माझ्या मोबाइलवरच्या खेळासारखंच. पण बसल्यावर असं वाटतं की बराच वेळ काही दिसतच नाहीये. मी घाबरले. ठिपके शोधायला नजर फिरवायला लागले, दिसला असेल-नसेल तरी बटण दाबायला लागले. बँकेच्या परीक्षेत उत्तर येत नसलं की ठोकून द्यायचो तसं.

कागद बाहेर आला तेव्हा टेस्ट घेणारी मुलगी म्हणाली, “ताई, पंधरापैकी नऊ वेळा तुमची नजर हलली. हा धरता येणार नाही.” तिला ते कसं कळलं? मशीन मधूनमधून मुद्दाम त्या आंधळ्या जागेवरच ठिपका टाकतं. नजर मध्ये स्थिर असेल तर तो दिसायलाच नको. मी तिथेही बटण दाबलं होतं. चिरंजीवांच्या कागदावरची फुली आणि शेंगदाणा इथे असा भेटला.

ती मुलगी जे नंतर बोलली ते आधी कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं, म्हणून इथे लिहिते. निरोगी डोळ्यालाही यातले जवळजवळ निम्मे ठिपके दिसत नाहीत. मशीन मुद्दाम ठिपका मंद करत करत तुमची हद्द शोधत असतं. न दिसणं म्हणजे हरणं नव्हे. पापण्यांची उघडझाप करायला परवानगी आहे, ती बटण दाबताना करावी. दमलात तर बटण दाबून धरा, मशीन थांबतं. पहिली टेस्ट बऱ्याच जणांची बिघडतेच, म्हणून डॉक्टर एका कागदावर निकाल देत नाहीत.

त्या दिवशीचा खर्च: तपासणी ५००, बुबुळाची जाडी ३००, ओसीटी १,८००, फील्ड ९००. एकूण ३,५०० रुपये. मेडिक्लेममध्ये यातलं काही बसलं नाही, माझी पॉलिसी भरती झाल्याशिवाय काही देत नाही. ओसीटी आणि फील्डचे रंगीत कागद मागून घ्या. फाइल दवाखान्यात ठेवायची पद्धत असते, पण मागितल्यावर प्रत देतात. डॉक्टर बदलला तरी पहिले कागद पाहिजेतच, कारण पुढचं सगळं त्यांच्याशी ताडून बघायचं असतं. मी फोटोही काढून ठेवलेत. आमच्या आईच्या पिशवीने तेवढी अक्कल दिली.

पुढची तारीख १९ एप्रिल. मधले चौदा दिवस वाईट गेले. रात्री सगळे झोपले की उजवा डोळा झाकून डाव्याने भिंतीवरचं कॅलेंडर बघायचे. एकादशी दिसतेय, चतुर्थी दिसतेय, खिळा दिसतोय. कुठेही डाग नाही. दिवसा काउंटरवर नोटा मोजताना एकही चूक नाही. मग वाटायचं, मशीनच चुकत असेल. आणि दुसऱ्या क्षणी वाटायचं, शेंगदाणा गेला तेव्हा तरी कुठे डाग दिसला होता? नवऱ्याला उठवून हे सांगितलं तर तो म्हणाला, “एकोणीस तारखेला बघू, झोप आता.” राग आला, पण दुसरं काय म्हणणार होता तोही.

१९ तारखेला फील्ड नीट झाली. (निम्मे पैसे घेतले, ४५०.) डाव्या डोळ्याच्या कागदावर वर नाकाच्या बाजूला एक करडा त्रिकोण होता, पहिल्या बिघडलेल्या कागदावरही त्याच जागी पुसटसा होता. ओसीटीत नसेचा खालचा काठ बारीक, आणि फील्डमध्ये वरचा भाग कमी. डोळ्यात चित्र उलटं पडतं, त्यामुळे हे दोन्ही बरोबर जुळतात. दोन वेगळ्या मशिनांनी एकाच जागेवर बोट ठेवलं होतं. डाव्यात सुरुवातीचा काचबिंदू, उजव्याला फक्त प्रेशर. गेलेलं परत येणार नाही, आहे ते राखायचं.

मी खुर्चीत बसून पहिला प्रश्न विचारला तो असा: “म्हणजे दोन वर्षांपूर्वी आले असते तर?” डॉक्टर म्हणाल्या, “दहा वर्षांनी आला असता तर, असं विचारा.”

थेंब लिहायच्या आधी त्यांनी विचारलं, दमा आहे का? मला थंडीत पंप लागतो. हे आपणहून सांगा. काचबिंदूच्या थेंबांत एक जुना, स्वस्त प्रकार आहे, टिमोलॉलचा, तो दम्याच्या माणसाला त्रास देऊ शकतो. थेंब डोळ्यात घातला तरी अंगात जातो. मला लॅटॅनोप्रॉस्ट दिलं, रात्री झोपताना दोन्ही डोळ्यांत एकेक थेंब. बाटली साधारण ४३० रुपयांची, महिनाभर पुरते. न उघडलेली बाटली फ्रिजमध्ये ठेवायची असते. पहिल्यांदा औषधवाल्याने उघड्या फळीवरची काढून दिली, एप्रिलच्या सांगलीत! परत केली, दुसऱ्या दुकानातून फ्रिजमधली आणली. फोडली की चार आठवडे वापरायची, मी मार्करने बाटलीवर तारीख लिहिते.

थेंब घालायला शिकायला आठवडा गेला. पहिले तीन दिवस गालावरच पडत होते. खालची पापणी ओढून खिसा करायचा, वर आढ्याकडे बघायचं, एकच थेंब. मग डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा बोटाने दोन मिनिटं दाबून धरायचा, म्हणजे औषध नाकात न जाता डोळ्यात राहतं. बाहेर ओघळलेलं लगेच पुसायचं, नाहीतर पापण्यांभोवतीची कातडी काळवंडते. दोन आठवडे डोळे लाल होते. कॅशियर रडून आलीय असं सभासदांना वाटायचं.

३१ मे ला प्रेशर उजवं १७, डावं १८. त्याच दिवशी आईलाही नेलं होतं. तिच्या चांगल्या डोळ्याचं प्रेशर वाढलेलं निघालं, थेंब पुन्हा सुरू झाले. यावेळी तिला सांगितलंय की हे दिसायला वाढावं म्हणून नाहीत, माझं तोंड दिसत राहावं म्हणून आहेत. “मग घालीन की,” म्हणाली.

सहा महिन्यांनी पुन्हा फील्ड, १८ ऑक्टोबरला. धनत्रयोदशी असल्यामुळे दवाखाना ओस, चाळीस मिनिटांत मोकळी. त्रिकोण होता तेवढाच. पापण्या मात्र या औषधाने लांब आणि दाट झाल्यात, पार्लरवालीने मस्कारा कुठला वापरता म्हणून विचारलं.

राहता राहिला दादा. भावंडांनाही धोका असतो, म्हणून एप्रिलपासून त्याच्या मागे लागले होते. एप्रिलमध्ये म्हणाला, खरड छाटणी चालू आहे. ऑक्टोबरात म्हणाला, फळछाटणी चालू आहे. नोव्हेंबरात, फवारणी. द्राक्षबागेला रिकामा महिना कुठला, हे आता मला पाठ झालंय: कुठलाच नाही. मध्ये एकदा ती लिंक उघडून त्याने मोबाइलवर चाचणी दिली आणि हिरव्या चौकटीचा स्क्रीनशॉट मला पाठवला. सोबत अंगठा.

शेवटी ६ डिसेंबरला वहिनीने त्याला गाडीत घातलं. मिरजेच्या त्याच काउंटरवर तो टोपी मांडीवर ठेवून बसला होता. चष्मा घरी विसरला म्हणून फॉर्म काउंटरवरच्या मुलीनेच भरायला घेतला. नाव, वय, गाव. मग तिने न बघताच विचारलं, “घरात कुणाला काचबिंदू?”

दादाने माझ्याकडे पाहिलं. “आईला,” म्हणाला. जरा थांबला. “आणि हिला. लिहा.”